गाठीतला तास

माझी पहिली कादंबरी आली तेव्हा मी बँकेत अधिकारी होतो. तिच्यात मुंबईहून गोव्याला निघालेली एक बोट आहे, आणि ती ‘ताशी दहा नॉट’ वेगाने जाते असे मी बेधडक लिहून टाकले होते. महिन्याभरात रत्नागिरीहून एका निवृत्त सारंगाचे पोस्टकार्ड आले. ‘साहेब, नॉट या शब्दातच तास आहे. बँकेत तुम्ही दरसाल दरशेकडा दहा टक्के वार्षिक असे लिहिता काय?’

व्याजाच्या हिशेबात जन्म घालवलेल्या माणसाला हा टोला चांगलाच बसला. मग मी नॉटच्या मागे लागलो.

नॉट म्हणजे अक्षरशः गाठ. शिडाच्या जहाजाचा वेग काढायला खलाशी दोरीला लाकडाची फळी बांधून ती मागे पाण्यात सोडत. फळी पाण्यात उभी राहून जागीच थबके, जहाज पुढे जाई आणि रिळावरची दोरी सरसर सुटे. तिला ठरावीक अंतरावर गाठी. एकाच्या हाती वाळूचे घड्याळ. दुसरा हातातून सरकणाऱ्या गाठी मोजी. वाळू संपेपर्यंत जितक्या गाठी, तितके सागरी मैल तासाला. पुढे रूढ झालेले माप २८ सेकंदांना ४७ फूट ३ इंच. तासाचे सेकंद ३६००. त्रैराशिक मांडा, उत्तर ६०७५ फूट येते. ब्रिटिशांचा सागरी मैल ६०८० फुटांचा होता.

हा मैल पृथ्वीवरूनच कापून घेतलेला. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत अक्षांशाचे ९० अंश, एका अंशाच्या ६० कला. एक कला म्हणजे एक सागरी मैल. म्हणून नकाशाच्या कडेला छापलेले अक्षांश हीच खलाशाची फूटपट्टी. पृथ्वी ध्रुवांकडे जराशी चपटी असल्याने कला सगळीकडे सारखी भरत नाही. १९२९ साली मोनॅकोच्या परिषदेत मैल १८५२ मीटरचा ठरला.

पूर्वी मात्र इंग्रज खलाशी तो ५००० फुटांचा धरत आणि अर्ध्या मिनिटाच्या घड्याळासाठी ४२ फुटांवर गाठ मारत. रिचर्ड नॉरवूड या गणितशिक्षकाने लंडन ते यॉर्क हे अंतर साखळीने, आणि न जमले तिथे पावलांनी मोजले. दोन्हीकडच्या सूर्याच्या उंचीवरून हिशेब केला. कला ६१२० फुटांची निघाली. म्हणजे गाठी फारच जवळ होत्या, आणि जहाजे वहीत उगाच भरधाव पळत होती!

हे त्याने १६३७ साली छापले. तरी पुष्कळांनी आखूड दोरी सोडली नाही. वरवर आडमुठेपणा, पण आत हिशेब होता. आखूड दोरीने जहाज कागदावर खऱ्यापेक्षा पुढे असते. किनारा यायच्या आधीच जवळ आलासा वाटतो आणि पहारेकरी डोळ्यांत तेल घालून उभा राहतो. उलटी चूक रात्रीच्या अंधारात खडकावर नेऊन घालते. बुडीत कर्जाची तरतूद आधीच करून ठेवणाऱ्या आम्हा बँकवाल्यांना हे वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या आवृत्तीत मी ‘ताशी’ काढला आणि सारंगांना प्रत धाडली. उलट टपाली कार्ड आले : ‘वेग बरोबर. पण संध्याकाळी सुटलेली बोट पहाटे पणजीला कशी?’ नकाशा काढला. मुंबई साधारण १८ अंश ५५ कला, पणजी साडेपंधरा अंश. फरक २०५ कला. नुसते दक्षिणेला उतरायलाच २०५ सागरी मैल, दहा नॉटने साडेवीस तास.

तिसरी आवृत्ती अजून निघालेली नाही.