एका सेकंदात एकोणसाठ कोटी कण

२०३ मिलिमीटर व्यासाचं, ८१ सेंटिमीटर उंचीचं, खाली निमुळतं होत गेलेलं एक पोकळ नळकांडं. आत पातं नाही, जाळी नाही, हलणारा एकही भाग नाही. हवेतली धूळ वेगळी करणाऱ्या सायक्लोनच्या कामगिरीचे आलेख ब्रिटिश अभियंता सी. जे. स्टेअरमंड यांनी १९५१ साली मांडले, ते या मापाच्या सायक्लोनवर बेतलेले होते. केमिकल इंजिनीअरिंगची मुलं आजही तेच आलेख वापरून गणितं सोडवतात.

ताशी २२३ घनमीटर धूळभरली हवा वरच्या अंगाने, भिंतीला लगटून आत शिरते. शिरायची वाट चार सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच, म्हणून वेग होतो सेकंदाला १५ मीटर. रस्त्यावरची एसटीही एवढ्या वेगाने धावते. पण इथे वळणाची त्रिज्या जेमतेम दहा सेंटिमीटर आहे! इतक्या घट्ट वळणावर धुळीचा कण भिंतीकडे ढकलला जातो तो पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २२५ पट जोराने.

पाण्याच्या दुप्पट घनतेचा, १० मायक्रॉनचा कण घ्या. स्थिर हवेत तो सेकंदाला सहा मिलिमीटर खाली येतो. चार सेंटिमीटर उतरायला त्याला जवळजवळ सात सेकंद लागतात. सायक्लोनमध्ये तेवढंच अंतर कापून तो ०.०३ सेकंदात भिंतीला लागतो. हवा आत राहते सरासरी ०.३ सेकंद, म्हणजे त्याच्या हाती दसपट वेळ आहे. आता कण १ मायक्रॉनचा करा. व्यास दहापट घटला की सरकण्याचा वेग शंभरपट घटतो, त्यामुळे भिंत गाठायला ३ सेकंद हवेत आणि मिळतात तेच ०.३. तो नळकांड्याच्या मधून वर परतणाऱ्या हवेच्या भोवऱ्यात सापडतो आणि तिच्याबरोबर वरून निसटतो.

०.०३, ०.३ आणि ३. मला हे तीन आकडे विलक्षण सुंदर वाटतात, कारण कोण अडकणार आणि कोण सुटणार याचा बहुतेक निवाडा त्यांतच झालेला असतो.

बहुतेक, सगळा नव्हे. हवा खळबळते, मधला भोवरा डोलतो, भिंतीला लागलेले कण पुन्हा उडतात. घनमीटरमागे १० ग्रॅम धूळ धरली आणि सगळे कण १० मायक्रॉनचे मानले, तर या छोट्या नळकांड्यात दर सेकंदाला ५९ कोटी कण शिरतात. संगणकावर प्रत्येकाचा माग काढणं अशक्यच, म्हणून संशोधक एका नमुना-कणाला हजारोंचा प्रतिनिधी करतात आणि एका सेकंदाचे हजारो तुकडे पाडून प्रवाह सोडवतात. तेवढ्याने भागत नाही. साध्या नळातल्या खळबळीसाठी रुळलेली समीकरणं या जोरदार फिरत्या हवेला पुरत नाहीत, हे बॉयसन, एअर्स आणि स्विदनबँक यांनी १९८२ सालीच दाखवलं होतं.

माप वाढवलं की जोर ओसरतो. चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंट कारखान्यांचे उंच प्रीहीटर मनोरे दिसतात, ते एकावर एक रचलेले सायक्लोनच. भट्टीतून वर येणाऱ्या गरम वायूत दळलेला कच्चा माल मिसळतो आणि टप्प्याटप्प्याने तापत सुमारे ८०० अंशांपर्यंत जातो. आठ मीटर व्यासाच्या सायक्लोनमध्ये त्याच १५ मीटर वेगाला गुरुत्वाकर्षणाच्या सहापटही जोर मिळत नाही.

पण सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा हिशेब टक्केवारीचा आहे. सायक्लोनची कार्यक्षमता सहसा वजनावर मोजतात. समजा, १०० ग्रॅम धुळीत ९९ ग्रॅम कण १० मायक्रॉनचे आणि एकच ग्रॅम १ मायक्रॉनचे आहेत. मोठे सगळे अडकले, बारीक सगळे सुटले. कागदावर कार्यक्षमता ९९ टक्के. पण मोठ्या कणाचं वजन बारकाच्या हजारपट असतं, म्हणून संख्येने पाहिलं तर दर १०९९ कणांमागे १००० बाहेर गेले, म्हणजे ९१ टक्के. श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर पोहोचतात ते हेच बारीक कण. शंभर मीटर उंचीच्या धुराड्यातून सुटलेला असा एक कण अगदी स्थिर हवेतही जमिनीवर यायला १९ दिवस घेईल, आणि हवा तर कधी स्थिर नसते. सिमेंट कारखान्यात प्रीहीटरच्या सायक्लोनमधून निघालेला वायू धुराड्यात सोडण्याआधी बॅग फिल्टरमधून किंवा विजेच्या भाराने धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रातून नेतात, तो या ९१ टक्क्यांसाठी.