जुना कंट्रोलर बंद पडला? आधी पॉवर सप्लाय तपासा

घरातले दिवे, पंखे, पडदे सांभाळणारा कंट्रोलर वर्षाचे 8,760 तास अखंड सुरू असतो. जुन्या यंत्रात बहुधा आधी थकतात ते पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर.

• लक्षणे : आपोआप रीस्टार्ट होणे, रिलेची नुसतीच टकटक, फुगलेला किंवा गळका कपॅसिटर. वरून ठीक दिसणाराही निकामी असू शकतो. ईएसआर (कपॅसिटरचा अंतर्गत रोध) मोजणाऱ्या मीटरने खात्री करावी.

• कारण : उष्णतेने आतला द्रव सुकतो. तापमान 10 अंश सेल्सिअसने उतरले, की आयुष्य साधारण दुप्पट होते. 105 अंशांना 2,000 तास टिकणारा कपॅसिटर 65 अंशांना सुमारे 32,000 तास टिकतो, म्हणजे अखंड वापरात साडेतीन वर्षांहून थोडा अधिक.

• बदलताना : मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढे किंवा जास्त, 105 अंशांचा आणि कमी ईएसआरचा कपॅसिटर घ्यावा. धन-ऋण टोके उलटी जोडू नयेत.

• धोका : 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर मुख्य कपॅसिटरमध्ये सुमारे 325 व्होल्ट डीसी साठते आणि प्लग काढल्यावरही उरू शकते. योग्य रेझिस्टरमधून ते उतरवून मल्टिमीटरने शून्य झाल्याची खात्री केल्याशिवाय हात लावू नये. सराव नसेल तर हे काम जाणकार तंत्रज्ञाकडेच द्यावे.

• बाहेरचा अडॅप्टर असेल तर : दुरुस्ती सोपी, अडॅप्टरच बदलावा. व्होल्टेज, पिनची धन-ऋण बाजू आणि एसी-डीसी प्रकार तोच हवा. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात.