मुक्या सोबत्याचा शोक

विश्रांतवाडीतील माझ्या दवाखान्यात नियमित येणाऱ्या एक आजी गेल्या पावसाळ्यात तीन आठवड्यांत तीनदा आल्या. झोप नाही, भूक नाही, छातीत धडधड. रक्तदाब वाढलेला होता. मी गोळीची मात्रा वाढवली, तपासण्या लिहून दिल्या. तिसऱ्या खेपेस उठता उठता त्या म्हणाल्या, "डॉक्टर, पहाटे दार कुणासाठी उघडायचं, तेच आता कळत नाही." चौदा वर्षांचे त्यांचे मांजर गेले होते. मुलगा ओशाळून म्हणाला, "मांजरच होतं हो, आई उगीच मनाला लावून घेते." मी गप्प राहिलो. घरात काही घडले आहे का, हा साधा प्रश्न आधीच्या दोन्ही खेपांना मीही विचारला नव्हता.

त्याच सुमारास गेंकी कावामुरा यांची 'इफ कॅट्स डिसअपिअर्ड फ्रॉम द वर्ल्ड' ही कादंबरी इंग्रजी अनुवादातून वाचली. मूळ जपानी पुस्तक २०१२ सालचे. मेंदूत गाठ झालेला, मृत्यू समोर उभा असलेला एक तरुण पोस्टमन आणि त्याचे 'कॅबेज' नावाचे मांजर. सैतान त्याच्याशी सौदा करतो : जगातून एक वस्तू कायमची नाहीशी होऊ द्यायची आणि त्या बदल्यात एक दिवसाचे आयुष्य मिळवायचे. फोन जातात, चित्रपट जातात, घड्याळे जातात. मग पाळी येते मांजरांची. त्या मांजरात त्याला दिवंगत आईची माया आणि दुरावलेल्या वडिलांची आठवण गुंतलेली दिसते.

पुस्तक मिटल्यावर आजींचे वाक्य उमगले. मांजरासोबत त्यांची पहाट गेली होती, दिवसाचा क्रम गेला होता, हाक मारण्याजोगे कुणी उरले नव्हते.

शोकाचा शरीरावर परिणाम होतो. तीव्र मानसिक धक्क्याने हृदयाची डावी झडप नव्हे, तर डावा कप्पाच काही काळ फुगून दुबळा होतो. १९९० साली जपानी डॉक्टरांनी या विकाराला 'ताकोत्सुबो' हे नाव दिले. त्याचा अर्थ ऑक्टोपस पकडण्याचे मडके. पाळी थांबलेल्या स्त्रियांत तो अधिक आढळतो. लक्षणे हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असतात, म्हणून छातीत दुखणे किंवा धाप लागणे यांवर घरी तर्क करीत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कुटुंबीयांना माझी विनंती आहे. "दुसरे आणू" असे घाईने म्हणू नका. प्राण्याचे नाव घेऊन बोला, आठवणी ऐका. ताट-वाटी, पट्टा लगेच टाकून देऊ नका. फिरण्याची, जेवणाची वेळ टिकवा आणि त्या वेळी सोबत बसा. उदासी महिनोन् महिने तशीच राहिली, अन्न-औषध सुटू लागले किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलणे ऐकू आले, तर डॉक्टरांकडे जा. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत सल्ला मिळतो.

ज्येष्ठांनीही एक करावे. आपण रुग्णालयात असलो तर घरच्या प्राण्याचे कोण पाहील, हे आजच ठरवून लिहून ठेवावे. कादंबरीतल्या पोस्टमनलाही हीच चिंता होती.

पुढच्या भेटीत मी रक्तदाब मोजण्यापूर्वी आजींना मांजराचे नाव विचारले. त्या बराच वेळ बोलत राहिल्या. मुलगाही ऐकत होता.