विश्लेषण : दिवाळीनंतर वर्ग रिकामे होणाऱ्या बीडमध्ये मुलांना शाळा ‘आपली’ कशी वाटेल? मुख्याध्यापकांच्या हातात काय आहे?

दिवाळी संपली की बीड जिल्ह्यातील गावांतून ऊसतोड मजुरांच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. आई-वडिलांसोबत अनेक मुलेही जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. परतलेले मूल पुन्हा वर्गात बसते की कायमचे शाळेबाहेर जाते, हे शाळेत त्याचे स्वागत कसे होते, यावरही ठरते. म्हणूनच शाळेचे वातावरण महत्त्वाचे. ते कसे घडते, समजून घेऊया.

संस्कृती आणि वातावरण यात फरक काय?

‘आपल्याकडे असेच चालते’ म्हणून जे रुजलेले असते, ती शाळेची संस्कृती. उशिरा आलेल्या मुलाला बाहेर उभे करायचे की कारण विचारायचे, हे तिच्यातून ठरते. त्यामुळे मुलांना रोज जी भीती किंवा आपलेपणा जाणवतो, ते वातावरण.

अभ्यास काय सांगतो?

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी लंडनमधील १२ माध्यमिक शाळांचा केलेला अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांची पार्श्वभूमी लक्षात घेऊनही काही शाळांत हजेरी, वर्तन आणि निकाल चांगले होते. हा फरक इमारतीमुळे पडला नव्हता. तास वेळेवर सुरू होणे, मुलांचे कौतुक होणे, त्यांना जबाबदारी मिळणे, या गोष्टी निर्णायक ठरल्या. यातील कशालाही मोठा निधी लागत नाही.

बीडमध्ये हा प्रश्न गंभीर का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील ४३.७ टक्के महिलांचे लग्न १८ वर्षांआधी झाले होते. राज्याची सरासरी २१.९ टक्के होती. आई-वडील तोडीला गेल्यावर मुलीला कुणाच्या भरवशावर ठेवायचे, ही चिंता अनेक घरांत लग्नापर्यंत जाते. मुलीचे शाळेत येणे थांबणे, ही त्याची पहिली खूण असू शकते.

मुख्याध्यापक काय करू शकतात?

• बैठक दिवाळीआधी : शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला हव्यात. दिवाळीनंतर बैठक ठेवली तर तोडीला जाणारे पालकच नसतात. कोणते मूल जाणार, कोणते हंगामी वसतिगृहात राहणार, याची यादी आधीच तयार हवी.

• परतीची तयारी : स्थलांतरित मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यावे. परतल्यावर ‘इतके दिवस कुठे होतास?’ असा जाब विचारण्याऐवजी बुडालेल्या अभ्यासाचे नियोजन द्यावे. सोबतीला वर्गमित्र नेमावा.

• छडी बंद : कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. सर्वांसमोर अपमान करणेही टाळायला हवे. नियम शिक्षकांनी आधी पाळले तरच मुले पाळतात.

• आडनाव नको, नाव घ्या : जिल्ह्यातील जातीय तणावाच्या पार्श्वभूमीवर बीड पोलिसांनी मार्च २०२५ मध्ये टेबलावरील पाट्यांवर फक्त पहिले नाव ठेवण्याचा निर्णय घेतला. हजेरी घेताना, बाकावर बसवताना, पोषण आहाराच्या पंगतीत शाळेलाही हे जमू शकते.

• मुलींकडे लक्ष : मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार शाळेत सखी सावित्री समिती अपेक्षित आहे. मुलगी सलग तीन दिवस आली नाही तर कुणीतरी घरी जायचे, हा साधा नियमही उपयोगी ठरतो. बालविवाहाची शंका आल्यास १०९८ या हेल्पलाइनवर कळवता येते.

बदल झाला, हे कसे ओळखायचे?

नाव न लिहिता मुलांकडून तीन उत्तरे घ्या : शाळेत कुणाची भीती वाटते? अडचण कुणाला सांगतोस? तू आला नाहीस तर कुणी विचारते का? हीच चिठ्ठी दिवाळीआधी एकदा आणि एप्रिलमध्ये पुन्हा घ्यावी. दोन्ही गठ्ठे शिक्षकांच्या बैठकीत शेजारी ठेवले की पुढच्या वर्षी काय बदलायचे, ते मुलांच्याच अक्षरात दिसते.