मुलाचे खाणे आणि मुलाचे वजन

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा ही राजमाता जिजाऊंची जन्मभूमी. आणि माता-बालकांच्या पोषणासाठी राज्य शासनाने 2005 साली जे मिशन स्थापन केले, त्यासही त्यांचेच नाव देण्यात आले. त्यानंतर दीड दशक लोटल्यावर, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकी सुमारे 36 मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. याची कारणमीमांसा करताना दारिद्र्याचे नाव प्रथम घ्यावे लागते, हे निर्विवाद आहे. परंतु ज्या घरात ज्वारीची कोठी भरलेली आहे आणि तुरीची डाळ घरच्या शेतातली आहे, त्या घरातही जेव्हा मूल वाळत जाते, तेव्हा त्या घरातील समजुतींची झडती घेणे प्राप्त होते.

सर्वांत रूढ समजूत अशी की, मूल ‘खातच नाही’, म्हणून त्याला बळेच भरवले पाहिजे. वास्तविक जन्मतः तीन किलोंचे बालक वर्षाअखेर सुमारे नऊ किलोंचे होते. दुसऱ्या वर्षी मात्र त्याच्या वजनात अडीच किलोंच्या आसपासच भर पडावयाची, हा निसर्गाचाच शिरस्ता असल्यामुळे त्याची भूक त्या सुमारास मंदावते, आणि काल वाटीभर खाणाऱ्या मुलाने आज चार घासांनंतर तोंड फिरवले, तर एवढ्यावरून आजाराची शंका घेण्याचे कारण नसते. अशा वेळी धाक घालून किंवा मोबाइल समोर धरून घास कोंबत राहिल्यास, स्वतःची भूक व तृप्ती ओळखण्याची मुलाची उपजत जाण बोथट होते. गोडीगुलाबीने आग्रह जरूर करावा. पण काय आणि केव्हा वाढावे हा अधिकार आईचा व किती खावे हा निर्णय मुलाचा, हीच वाटणी मला न्याय्य वाटते.

याहून अधिक घातक, आणि वत्सल हातांनी घडणारी म्हणूनच अधिक क्लेशदायक, अशी समजूत वरणाच्या पाण्याची आहे. सहा महिन्यांपर्यंत बाळास आईच्या दुधाखेरीज काहीही नको. तेथून पुढे वरचे अन्न सुरू होते, तेव्हा पचायला हलके म्हणून वरणावरचे पाणी त्याला पाजले जाते आणि डाळ पातेल्यात तळाशी राहते. आठ महिन्यांच्या बाळाचे पोट एका वेळी जेमतेम पाव लिटर सामावून घेते. ते पाण्यानेच भरले, तर अन्नास जागा उरणार कोठे? बाळाचे पोट भरले असे आईला वाटते, ते खरेही असते. परंतु पोट भरणे निराळे आणि पोषण होणे निराळे. चमच्यावरून ओघळणार नाही इतके घट्ट वरण, त्यात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचे बारीक कूट आणि चमचाभर तेल किंवा तूप, यांहून महागडे औषध निरोगी बाळाला लागत नाही. हे सारे वऱ्हाडच्याच मातीत पिकते.

बिस्किटे आणि मसालेदार पुड्या यांनी मूल फक्त लठ्ठ होते, किंवा लठ्ठपणा हा केवळ शहरी श्रीमंतांचा विकार आहे, हेही खरे नव्हे. ज्या घरात आई कापूस वेचायला पहाटे निघते आणि मुलाच्या हाती चहा-बिस्किटे ठेवते, तेथे ती जेवणाची जागा घेतात व मूल रोडावते, शिवाय चहामुळे अन्नातील लोह अंगी लागण्यास अडथळा होतो. ज्या घरात दोन वेळचे जेवण होऊन वर त्याच पुड्या येतात, तेथे मूल फुगते. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील वाजवीपेक्षा जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण चार वर्षांत 1.9 टक्क्यांवरून 4.1 टक्क्यांवर गेलेले दिसते.

जुलाब लागले की अन्न बंद करावे, हा सल्लाही चुकीचा. जलसंजीवनी व डॉक्टरांनी दिलेले झिंक यांच्या जोडीने स्तनपान व मऊ अन्न चालूच ठेवावे, आणि बरे झाल्यावर काही दिवस एक जेवण जादा द्यावे. वारंवारच्या जुलाबांनी जे वजन घटते, ते नुसत्या आग्रहाने भरून निघत नाही.

राहिला प्रश्न डोळ्यांच्या निवाड्याचा. गुटगुटीत ते निरोगी, हे गृहीत धरू नये. कारण तीव्र कुपोषणाच्या एका प्रकारात चेहऱ्यावर व पायांवर सूज येते, आणि ते मूल बाळसेदार भासते. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरल्यावर खळगा राहिला, किंवा सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, तर विलंब न करता आरोग्य केंद्र गाठावे. वजन केल्याने दृष्ट लागते, अशा भीतीने ज्या माता वजनाच्या दिवशी मुलाला घरी ठेवतात, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, दरमहा अंगणवाडीत मुलाचे वजन करून घ्या, वाढीच्या तक्त्यावरील रेषा सेविकेकडून समजून घ्या, आणि ती लागोपाठ दोन महिने वर चढली नाही, तर तिसऱ्या महिन्याची वाट पाहू नका.