मापात पाप नको

जानेवारीतल्या एका रविवारी, मुंबई मॅरेथॉनच्या अर्ध्या अंतराच्या शर्यतीत, फिनिशची कमान समोर दिसत असताना मनगटावरचं घड्याळ थरथरलं. २१.१ किलोमीटर पूर्ण, वेळ १ तास ५९ मिनिटं २० सेकंद. कमान अजून अडीचशे मीटर लांब होती. उरलंसुरलं बळ एकवटून ती ओलांडली तेव्हा २ तास ४५ सेकंद झाले होते. माझी आधीची सर्वांत चांगली वेळ होती २ तास १० सेकंद. म्हणजे घड्याळाच्या मते माझी पीबी झाली होती आणि कमानीखालच्या, वेळ नोंदवणाऱ्या चटईच्या मते झाली नव्हती.

पीबी म्हणजे पर्सनल बेस्ट, ज्या त्या अंतरासाठी आपण नोंदवलेली सर्वांत कमी वेळ. पाच किलोमीटरची वेगळी, दहाची वेगळी, हाफची वेगळी, फुलची वेगळी. मराठीत आपण विक्रमाला उच्चांक म्हणतो, पण धावण्यात आकडा जितका खाली उतरेल तितका उच्चांक वर चढतो. शर्यत संपवून कुणी भेटलं की धावणाऱ्या मंडळींचा पहिला प्रश्न असतो, "पीबी झाली का?" त्या आकड्याला बक्षीस नसतं, पेपरात बातमी नसते. जगात एकाच माणसाला त्याचं मोल. तरीही तो आकडा खरा ठरावा म्हणून केवढी खटपट केलेली असते, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो.

त्या दिवशी चटईचंच खरं होतं. का, हे शोधत गेलो आणि एका सायकलपाशी येऊन पोहोचलो.

मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर मोजायला जगभर मान्य असलेलं साधन म्हणजे सायकल. पुढच्या चाकाच्या आसाशी जोन्स काउंटर नावाचं मुठीएवढं यंत्र बसवतात. चाक फिरेल तसे त्यातले आकडे सरकतात आणि एकेक आकडा साधारण नऊ सेंटिमीटरचा असतो. आधी एखाद्या सरळ रस्त्यावर पोलादी टेपने किमान तीनशे मीटरचा पट्टा आखतात. त्यावरून सायकल चार वेळा नेतात आणि तेवढ्या अंतरात किती आकडे पडले ते लिहून ठेवतात. मग शर्यतीचा सगळा मार्ग त्याच सायकलने, त्याच माणसाने पार करायचा. रहदारी नको म्हणून हे काम बहुधा रात्री किंवा पहाटे चालतं. सगळं झालं की पुन्हा त्या आखलेल्या पट्ट्यावर यायचं आणि पुन्हा चार फेऱ्या मारायच्या.

पुन्हा कशासाठी? तर मधल्या वेळात ऊन वर आलेलं असतं. टायरमधली हवा तापते, टायर केसभर फुगतो, चाक तेवढंच मोठं होतं आणि एका किलोमीटरला आकडे कमी पडतात. पोलादी टेपसुद्धा उष्णतेने वाढते, म्हणून तिच्याही मापात तापमानाप्रमाणे दुरुस्ती करतात. रस्ता मोजायला निघालेल्या माणसाला आधी हवा मोजावी लागते!

सायकल कुठून न्यायची यालाही नियम आहे. धावणाऱ्याला नियमात राहून जी सर्वांत जवळची वाट घेता येईल, तीच वाट धरायची. वळणावर पदपथाच्या कडेपासून जेमतेम तीस सेंटिमीटरवरून जायचं. आणि एवढं काटेकोर मोजून झाल्यावर दर किलोमीटरमागे एक मीटर वरून घालायचा. दूधवाला माप भरल्यावर आणखी एक धार सोडतो ना, तसं. पूर्ण मॅरेथॉनमध्ये ही धार ४२ मीटरची होते. कारण साधं आहे. कोणत्याही मोजणीत थोडी चूक राहणारच, पण ती चूक न धावलेलं अंतर कुणाच्या पदरात टाकणारी नसावी. मापात पाप नको, म्हणून माप आधीच थोडं सढळ.

माप चुकलं तर काय होतं, हे इंग्लंडमधल्या मँचेस्टर मॅरेथॉनने पाहिलं. २०१३, २०१४ आणि २०१५ अशी तीन वर्षं तिथला मार्ग ३८० मीटर कमी भरला होता, हे २०१६ मध्ये उघड झालं. चार तासांत मॅरेथॉन धावणाऱ्याला ३८० मीटर म्हणजे सव्वादोन मिनिटांच्या आसपास. हजारो लोकांच्या वेळा एका दिवसात मॅरेथॉनच्या वेळा उरल्या नाहीत. त्यांचा घाम खरा होता, महिनोन्‌महिन्यांचा सराव खरा होता, फक्त रस्ता खरा नव्हता.

मग माझं घड्याळ कुठे चुकलं? ते दर सेकंदाला उपग्रहांकडून आपली जागा विचारून घेतं आणि प्रत्येक उत्तर दोन-चार मीटर इकडेतिकडे असतं. आपल्याला वाटतं, एकदा डावीकडे चुकलं, एकदा उजवीकडे, म्हणजे फिट्टंफाट. जागेच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. लांबीच्या बाबतीत मात्र चुका एकमेकींना खोडत नाहीत, त्या साठत जातात. कागदावर पट्टीने एक रेघ मारा. तिच्या शेजारी थरथरत्या हाताने दुसरी काढा. दोन्हींवर दोरा ठेवून मोजा. थरथरत्या रेघेचा दोरा दर वेळी लांब भरेल. घड्याळ आपल्या सरळ धावण्याची अशीच थरथरती रेघ काढत असतं, आणि उंच इमारतींमधून जाताना, जिथे उपग्रहाचे संदेश भिंतींवर आदळून येतात, तिथे त्याचा हात जास्तच थरथरतो.

त्यात आपले पायही सरळ जात नाहीत. पाण्याच्या टेबलाकडे तिरकं जायचं, पुढच्याला वळसा घालायचा, वळणावर बाहेरून फिरायचं. मैदानातल्या चारशे मीटरच्या ट्रॅकवर एकच पट्टा बाहेरून धावलं तर एका फेरीत सुमारे सात मीटर वाढतात. शहरातल्या शर्यतीत अशी किती वळणं! माझ्या अडीचशे मीटरांतले काही उपग्रहांच्या थरथरीचे होते, काही मी खरोखरच जास्तीचे धावलो होतो. पीबीच्या हिशेबात दोन्ही धरत नाहीत. तिथे रस्त्याचं माप चालतं आणि त्या रस्त्यावर आपली वाट जवळची राखणं हासुद्धा कौशल्याचाच भाग आहे.

अंतर झालं, आता वेळ. बंदुकीचा बार होतो तेव्हा मागच्या गर्दीतला माणूस स्टार्टच्या रेषेपासून काही मिनिटं दूर असतो. ती मिनिटं त्याच्या माथी मारायची का? यासाठी बिबच्या, म्हणजे धावणाऱ्याचा क्रमांक छापलेल्या कागदाच्या, मागे एक पातळ पट्टी चिकटवलेली असते. तिच्यात नखाएवढीसुद्धा नसलेली चिप आणि नागमोडी अँटेना असते, बॅटरी मात्र नसते. आपण चटईपाशी येताच तिथल्या रेडिओ लहरींच्या ऊर्जेवरच ती चिप क्षणभर जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा निजते. आपलं शरीर बरंचसं पाण्याचं आणि पाणी या लहरी शोषून घेतं. म्हणून बिब छातीवर, घडी न घालता लावा असं बजावतात. जागतिक विक्रमाला बंदुकीपासूनची वेळ धरतात, कारण तिथे कोण आधी पोहोचलं हाच प्रश्न असतो. हौशी धावणारे आपली पीबी चिपच्या वेळेवरच मोजतात. त्यांची शर्यत रेषेवर पाय पडल्यावरच सुरू होते.

रस्ता बरोबर, वेळ बरोबर, तरी दोन शर्यतींची तुलना होते का? २०११ साली जेफ्री मुताईने बोस्टन मॅरेथॉन २ तास ३ मिनिटं २ सेकंदांत जिंकली. तेव्हाच्या जागतिक विक्रमापेक्षा ही वेळ ५७ सेकंद सरस होती, तरी विक्रम मिळाला नाही. नियमाप्रमाणे मार्गाचा उतार किलोमीटरमागे सरासरी एक मीटरहून जास्त नको. बोस्टनला तो तीन मीटरांहून अधिक आहे. शिवाय सुरुवात आणि शेवट यांतलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नसावं, नाहीतर पाठीवरचा वारा अख्खा वेळ ढकलत राहतो. त्या दिवशी बोस्टनला वाराही पाठीशी होता.

नियम मदत रोखतो, कष्ट रोखत नाही. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरून परत यायचं. चढाला गेलेला वेळ उताराला पुरता वसूल होत नाही, कारण चढताना वेग जितका मोडतो तितका उतरताना वाढवायला मांड्या तयार नसतात. म्हणून साताऱ्याची वेळ लोक "साताऱ्याची पीबी" म्हणून वेगळी लिहितात. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या सुमारे नव्वद किलोमीटरच्या शर्यतीला महाराष्ट्रातून दर वर्षी धावणारे जातात. डर्बन आणि पीटरमॅरिट्सबर्ग या दोन शहरांमधली ही शर्यत सहसा एका वर्षी चढाची, तर पुढच्या वर्षी उताराची असते. त्यामुळे तिथे एकाच शर्यतीच्या दोन पीबी असतात, आणि दोन्ही खऱ्या.

एवढं सगळं बाहेरचं. आता आतलं. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी मॅरेथॉनच्या सुमारे ९८ लाख वेळा गोळा करून त्यांचा आलेख काढला. तो आलेख सलग टेकडीसारखा दिसायला हवा होता. पण तीन तासांच्या, चार तासांच्या अगदी अलीकडे लोकांची दाटी झालेली आणि रेषेच्या पलीकडे एकदम विरळ. चार तास हा आकडा हृदयाला ठाऊक नाही, फुप्फुसांना ठाऊक नाही. तो माणसाने कालगणनेसाठी ठरवलेला. तरी तो जवळ दिसला की दमलेल्या पायांना शेवटच्या दोन किलोमीटरांत कुठून तरी बळ येतं. ज्यासाठी सायकल, टेप आणि चिप इतकी राबली, तो आकडा असा उलटून धावणाऱ्यालाच पुढे ओढतो.

वय वाढलं की हा आकडा खाली यायचा थांबतो, असं आपण धरून चालतो. पंजाबात जन्मलेले आणि पुढे लंडनमध्ये राहिलेले फौजा सिंग यांनी पहिली मॅरेथॉन २००० साली लंडनमध्ये धावली, वयाच्या ८९व्या वर्षी, सुमारे ६ तास ५४ मिनिटांत. २००३ मध्ये टोरोंटोला त्यांनी ५ तास ४० मिनिटं नोंदवली. त्यांचं वय ९२ होतं आणि पीबी एका तासाहून जास्त सुधारली होती. २०११ मध्ये शंभराव्या वर्षी त्यांनी टोरोंटोलाच पुन्हा मॅरेथॉन पूर्ण केली, तेव्हा गिनेसने विक्रम नोंदवला नाही, कारण जन्माचा दाखला नव्हता. पीबीला मात्र जन्माचा दाखला लागत नाही. तिला लागतात दोन सकाळी, दोन प्रामाणिक रस्ते आणि दोन्हींवर धावलेला तोच एक माणूस.

माझ्या वहीत हाफपुढे अजून २ तास १० सेकंदच लिहिलेले आहेत. घड्याळातली ती १ तास ५९ मिनिटं मी तिथे चढवली नाहीत. पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर पदपथाच्या कडेने तीस सेंटिमीटर राखत कुणीतरी सायकल चालवली होती. माझा आकडा त्या मापाला उतरला, की मगच तो वहीत लिहायचा.