पिल्ले काहून निघाली नाहीत?

बपेरा गाव तुमसर तालुक्यात, मध्यप्रदेशाच्या सीमेजवळ आहे. मुलूख धानाचा. धानाची कामे सरली की हाताला काम कमी पडते. म्हणून पुष्कळ घरी चार कोंबड्या असतात. अंडी लेकरांना खायला होतात. पिल्ले मोठी झाली की बाजारात दोन पैसे मिळतात.

कोंबडी खुडूक झाली की आपण तिला अंड्यांवर बसवतो. एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी मावतात. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात. पण कोंबडी खुडूक होते ती तिच्या मर्जीने. आपल्याला पन्नास पिल्ले एकदम हवी असली तर? त्यासाठी अंडी उबवण्याचे यंत्र आहे.

ही युक्ती फार जुनी आहे. मिसर देशात हजारो वर्षांपूर्वीपासून मातीच्या भट्ट्यांत अंडी उबवत. तिथले जाणते लोक अंडे डोळ्याच्या पापणीला लावून ऊब ओळखत. आज आपल्याजवळ थर्मामीटर आहे, विजेची पेटी आहे. नागपूरला शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तिथे मोठी यंत्रे चालतात. एका घराला किंवा बचत गटाला पन्नास-शंभर अंड्यांची लहान पेटी पुरते.

पण पेटी आली म्हणजे पिल्ले आली, असे होत नाही. समजा, एका गटाने ६० अंडी ठेवली. एकवीस दिवस वाट पाहिली. पिल्ले निघाली १८. मग बाया एकमेकींना विचारतात, "अंडे तं चांगले होते, मग पिल्ले काहून नाही निघाले?" कोणी म्हणते, यंत्रच खराब. कोणी म्हणते, नजर लागली. ४२ अंडी वाया गेली. विजेचे पैसे गेले. तीन आठवड्यांची मेहनत गेली. पुन्हा पेटीला हात लावायचे मन होत नाही.

नजर कोणाची लागत नाही. चूक कुठे झाली, ते न निघालेले अंडेच सांगते. ते कसे ओळखावे, हे या पाठात पाहू.

कोंबडी काय करते?

कोंबडी अंड्यांसाठी चार कामे करते. यंत्राला तीच चार कामे करायची असतात.

पहिले काम, ऊब देणे. पंख्याच्या पेटीत ऊब ३७.५ डिग्री सेल्सिअस असावी. फॅरनहाइटच्या मापाने ती ९९.५ होते. म्हणजे माणसाच्या निरोगी अंगापेक्षा जवळपास एक डिग्री जास्त. पंखा नसलेल्या पेटीत वर गरम आणि खाली थंड असते. तिथे अंड्याच्या वरच्या पातळीवर १०१ ते १०२ डिग्री फॅरनहाइट ठेवावी.

दुसरे काम, ओल राखणे. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रे असतात. त्यांतून आतले पाणी हळूहळू उडते. म्हणून पेटीत पाण्याचे ताट असते. पहिले १८ दिवस ओल शेकडा ५० ते ६० असावी. शेवटचे तीन दिवस ती शेकडा ६५ ते ७५ पर्यंत वाढवावी. त्या वेळी पिलू कवच फोडत असते. हवा कोरडी असेल तर आतला पडदा वाळतो आणि पिलू त्यात अडकते.

तिसरे काम, हवा देणे. अंड्यातले पिलूही श्वास घेते. पेटीची भोके कधीही बुजवू नका.

चौथे काम, अंडी फिरवणे. कोंबडी चोचीने अंडी उलटवत असते, ते आपण पाहतो. अंडे एकाच कुशीवर राहिले तर आतला जीव कवचाच्या पडद्याला चिकटतो आणि मरतो. अंड्याच्या एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला शून्य काढा. खूण पेन्सिलीने करा. दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. आकडा विषम ठेवला की रोज रात्री वेगळी बाजू वर राहते. अठराव्या दिवसानंतर फिरवणे बंद करा.

अंडे निवडताना

दुकानातले पांढरे अंडे उबवून पिलू निघत नाही. त्या कोंबड्यांत कोंबडा नसतो. घरच्या आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा हवा.

अंडे सात दिवसांहून जुने नको. उन्हाळ्यात तर तीन-चार दिवसांतच ठेवून द्यावे. ओल्या वाळूवर मडके ठेवून त्यात अंडी ठेवली तर ती थंड राहतात. टोकदार बाजू खाली ठेवा. घाणेरडी, तडकलेली अंडी घेऊ नका. थंड पाण्याने अंडी धुऊ नका. कवचावरची घाण छिद्रांतून आत जाते आणि अंडे सडते.

यंत्र बिघडले तर

अंडी ठेवण्याआधी पेटी एक पूर्ण दिवस रिकामी चालवून पहा. बिघाड तेव्हाच कळला तर नुकसान होत नाही.

ऊब येत नाही. आधी लाइन आहे का, प्लग नीट बसला आहे का, ते पहा. नंतर प्लग काढा आणि बल्ब तपासा. पेटीत एका मोठ्या बल्बपेक्षा दोन लहान बल्ब बरे. एक गेला तरी दुसरा थोडी ऊब देतो. घरात एक जास्तीचा बल्ब ठेवावा.

ऊब वाढतच जाते. थंडीपेक्षा हे जास्त घातक आहे. ऊब बरोबर झाल्यावर बल्ब बंद झाला पाहिजे. तो बंद होत नसेल तर ऊब राखणारा भाग अडकला आहे. लगेच प्लग काढा, झाकण थोडे उघडा, आणि तो भाग जाणकाराकडून बदलून घ्या.

वर गरम, खाली थंड. पंखा थांबला आहे. पात्यांवर धूळ आणि पिसांचा कोंडा बसला असेल. प्लग काढून कोरड्या ब्रशने झाडा.

आकडा बरोबर, पिल्ले मात्र उशिरा. थर्मामीटर खोटे सांगत असेल. एका भांड्यात कोमट पाणी घ्या. काचेचे थर्मामीटर आणि तापाचे थर्मामीटर त्यात शेजारी शेजारी धरा. दोन्हींत फरक असेल तर तो कागदावर लिहून पेटीला चिकटवा. मग काचेचे थर्मामीटर पेटीत ठेवून यंत्राचा आकडा ताडून पहा.

लाइन गेली. घाबरू नका. झाकण उघडू नका. पेटीवर घोंगडी टाका, पण भोके मोकळी ठेवा. एक-दोन तासांनी बहुधा काही बिघडत नाही. जास्त वेळ लागणार असेल तर बाटल्यांत गरम पाणी भरून अंड्यांपासून थोड्या अंतरावर ठेवा. बंद खोलीत शेगडी पेटवू नका. तिच्या धुराने माणसाचाही जीव जातो.

एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पेटीत पाणीही आहे आणि वीजही आहे. म्हणून तीन पिनांचा प्लग आणि चांगले अर्थिंग हवे. ओल्या हाताने पेटीला हात लावू नका. पाणी भरायचे, पुसायचे, तेव्हा आधी प्लग काढा.

अंडे काय सांगते?

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्याला मागून टॉर्च लावा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. अंडे साफ दिसले तर त्यात जीव धरलाच नाही. तेव्हा कोंबड्याकडे लक्ष द्या. लाल कडे दिसले तर जीव धरला आणि मेला. अंडी शिळी होती, किंवा ऊब एकदम चढली. अशी अंडी काढून टाका. राहिली तर सडतात आणि फुटून बाकीची अंडी घाण करतात.

ओल बरोबर आहे का, हे वजनावरून कळते. पाच-सहा अंड्यांवर सुरुवातीचे वजन लिहून ठेवा. ५० ग्रॅमचे अंडे अठराव्या दिवशी साधारण ४४ ग्रॅम भरले पाहिजे. ४७ भरले तर ओल जास्त आहे, ताटातले पाणी कमी करा. ४१ भरले तर हवा कोरडी आहे, पाणी वाढवा.

बाविसाव्या-तेविसाव्या दिवसापर्यंत वाट पाहून न निघालेली अंडी बाहेर नेऊन फोडा. आत काय आहे, ते वहीत लिहा.

पिल्ले एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच निघाली, तर ऊब जास्त होती. बाविसाव्या-तेविसाव्याला निघाली, तर ऊब कमी होती. कवचाला टोच मारून पिलू आतच मेले, तर शेवटी ओल कमी पडली. असे पुष्कळदा झाकण सारखे उघडल्याने होते. पिलू सुजलेले, चिकट आणि ओले असेल, तर ओल फार झाली. पिलाचे पाय दोन बाजूंना फाकत असतील, तर खालची जागा गुळगुळीत आहे. तिथे पोत्याचा तुकडा अंथरा.

आपल्या मुलखाचे हवामान

मे महिन्यात, नवतपात, आपल्या घरातली हवाच चाळीस डिग्रीच्या वर जाते. यंत्र ऊब देते. गारवा देणे त्याला जमत नाही. बल्ब बंद झाला तरी अंडी शिजत राहतात. म्हणून कडक उन्हाळ्यात अंडी ठेवू नका. ठेवायचीच असतील तर जाड मातीच्या भिंतींची, थंड खोली निवडा. पेटी चुलीजवळ किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नका.

पावसाळ्यात हवेतच ओल असते. ताटात पाणी कमी ठेवा. शिवाय धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाया सकाळपासून बांधीत असतात. घरी अंडी फिरवायला कोण? यंत्र आपोआप फिरवत नसेल तर त्या दिवसांत अंडी न ठेवलेली बरी. दिवाळीनंतर ते फाल्गुनापर्यंतचा काळ आपल्याकडे चांगला.

पिल्ले निघाल्यावर

पिल्ले वाळून फुलली की मगच बाहेर काढा. घाई नको. पोटातल्या बलकावर पिलू एक दिवस सहज राहते. बाहेर काढल्यावरही पहिला आठवडा त्यांना सुमारे ३५ डिग्री सेल्सिअस ऊब लागते.

नंतर प्लग काढून पेटी रिकामी करा. कवच, पिसे, घाण काढा. ताट आणि जाळी साबणाने धुवा. तारा आणि पंख्यावर पाणी पडू देऊ नका. आतून ब्लीचिंग पावडरच्या पातळ पाण्याने पुसा. ताटावर पांढरा थर बसला असेल तर लिंबाने घासा. सगळे उन्हात खडखडीत वाळवा. मागच्या खेपेची घाण राहिली तर पुढच्या खेपेची पिल्ले आजारी पडतात.

एक वही ठेवा

तारीख, किती अंडी ठेवली, सकाळ-संध्याकाळची ऊब, पाणी घातले की नाही, लाइन किती वेळ गेली, किती पिल्ले निघाली, एवढे रोज लिहा. तीन खेपांची वही समोर असली की यंत्र दुरुस्त करायला येणाऱ्यालाही नेमके सांगता येते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाताना ती वही बरोबर न्या. आपले लिहिणे-वाचणे अशा कामी पडते.

प्रश्न

१. अंडी दिवसातून विषम वेळा का फिरवतात?
२. ५० ग्रॅमचे अंडे अठराव्या दिवशी ४७ ग्रॅम भरले, तर काय कराल?
३. ६० अंडी ठेवली. सातव्या दिवशी ८ अंडी साफ निघाली, ती काढली. शेवटी ४० पिल्ले निघाली. किती अंडी फोडून पहावी लागतील?
४. लाइन गेल्यावर पेटीचे झाकण का उघडू नये?